गाडी वाजली, थांबली न्हाय

(टिळकवाडीतल्या घराचा व्हरांडा, दुपारचे सव्वातीन. जयाबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. शेजारी मुलगा विक्रम आणि सून नीलम. फाटकाच्या आत दुरुस्त होऊन आलेली विजेवरची गाडी.)

विक्रम : डावा चालतो, आई. डाव्या हाताचा अंगठा दिलास तरी कायद्यानं चालतंय.

जयाबाई : कायद्याचं कायद्यापाशी. मला चालत न्हाय. एकवीस वर्सं झाली, ह्या अंगठ्याला शाई लावलेली न्हाय मी.

विक्रम : हात मोडलाय म्हणून म्हणतोय. विम्याचा माणूस चारला येतोय. एवढा एक कागद त्याच्या हातात दिला की संपलं.

जयाबाई : काय संपलं?

विक्रम : अपघाताचं. सगळंच.

जयाबाई : मग वाच की. काय लिवलंयस त्यात?

विक्रम : नेहमीचंच असतंय गं. तारीख, गाडीचा नंबर, संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॉलीला मागनं धडक...

जयाबाई : बँकेत म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाचून दाखवल्याबिगर अंगठा घेत न्हाईस म्हनून पावण्यांत मिरवतोस. तुझी आई काय गिऱ्हाइकापरास हलकी व्हय? नीलम, तू वाच गं. शाळेत पोरांना वाचतीस तसं, दमानं.

नीलम : "मी, जयाबाई परशराम, गाडीची मालकीण, लिहून देते की अपघाताच्या वेळी मी पुढच्या सीटवर बसले होते. चालक भरमा याला डुलकी लागली होती. त्याने वेळेवर ब्रेक दाबला नाही. गाडीत कोणताही दोष नव्हता."

जयाबाई : थांब. डुलकी कुनी बघितली?

विक्रम : पोलिसांच्या कागदात पण तसंच आहे.

जयाबाई : त्यांना बी तूच सांगितलास. त्यांनी कन्नडात लिवलं, तू मराठीत लिवलास. दोन्हीकडं भरमा झोपलेलाच?

विक्रम : तूच म्हणालीस की दवाखान्यात. ‘झोपला मुडदा’ म्हणालीस.

जयाबाई : आधी तू म्हनलास. फोनवर. ‘डोळा लागला असणार त्याचा.’ हाताचं हाड आत वाजतंय, डोकं ठिकानावर न्हाय, तुझ्या मागनं मी म्हनलो. भर रस्त्यात चार मानसांम्होरं विचारलो त्याला, पिलास का रं म्हनून. भरमाला. जो चा बी बशीत गार करून पितोय.

विक्रम : मग काय झालंतं, तूच सांग.

जयाबाई : आठ दिस तेच आठवतोय. म्होरं ट्रॉली दिसली. गाडी वाजाय लागली, टुं टुं टुं, नेहमीसारखी. मी बी निवांत, आता थांबंल म्हनून. भरमानं पाय उचलला आनि म्हनला, ‘थांब गं बाई.’ गाडीला म्हनला. मग परत, ‘आगं थांब की.’ मग पाय हानला ब्रेकवर, तंवर आमी ट्रॉलीत. सांग मला, झोपलेला मानूस गाडीला हाका मारतंय व्हय?

विक्रम : ब्रेक त्याच्या पायाखाली होता न्हवं? दाबायचा की आधीच. गाडीवर विसंबून कसं चालंल?

जयाबाई : विसंबायला कोन शिकवलं त्याला? गाडी नवी आली तवा म्हैनाभर खडेबाजारातनं फिरवलास, शेजारी बसून. मी मागं होतो. म्हैस आडवी आली, भरमा ब्रेकवर पाय ठेवाय गेला, तर त्याच्या गुडघ्यावर चापट मारलास. ‘मधी पाय घालू नको. गाडीला तुझ्यापरास जास्त कळतंय.’ जलमभर जीप चालवलेल्या मानसाला.

विक्रम : तेव्हा थांबत होती की गाडी.

जयाबाई : तेव्हा?

विक्रम : म्हणजे, थांबते. थांबतेच.

जयाबाई : ‘तेव्हा’ म्हनलास तू.

नीलम : अहो, सांगा आता.

विक्रम : नीलम, तू मधी पडू नको.

जयाबाई : मार, तिच्या बी गुडघ्यावर चापट मार. काय सांगायचं गं?

नीलम : आई, या गाडीचं फोनसारखं असतं. आतला प्रोग्रॅम कंपनी मधूनमधून बदलते. अपडेट म्हणतात त्याला. गॅरेजला न्यावं लागत नाही, इथं उभ्या उभ्या होतं. अपघाताच्या चार दिवस आधी तसं एक आलं होतं.

जयाबाई : म्हंजे रंग त्योच, नंबर त्योच, आनि आत दुसरीच गाडी?

नीलम : आतली सवय बदलली म्हणा. पूर्वी समोर काही आलं की वाजायची आणि स्वतःच ब्रेक लावायची. उगाच थांबते म्हणून लोकांनी तक्रारी केल्या असतील. आता नुसती वाजते. स्वतः थांबायला हवी असेल तर ती सोय पडद्यावर जाऊन आपण पुन्हा चालू करायची.

जयाबाई : आनि ह्ये भरमाला ठावं न्हवतं.

नीलम : त्याला कुणी सांगितलं नाही.

जयाबाई : कंपनीनं बी न्हाय?

नीलम : कंपनीनं कळवलं होतं. तुमच्या फोनवर. गाडी तुमच्या नावावर आहे ना. हे बघा, अजून आहे. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. "आपोआप ब्रेक यापुढे बंद राहील, फक्त इशारा मिळेल. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा. वाचले, मान्य आहे." खाली तारीख, आणि तुमचं नाव.

जयाबाई : माझं? इंग्रजीतला ‘ए’ मला तंबूवानी दिसतोय. मी कवा मान्य केलो?

नीलम : अंगठ्यानं, आई.

जयाबाई : मंगळवारी.

नीलम : हो. मंगळवारचीच तारीख आहे.

जयाबाई : ह्याच खुर्चीत बसून भिजवलेलं पावटं सोलत होतो मी. तू आलास फोन घेऊन. ‘आई, अंगठा ठेव जरा, गाडीचं काय तरी आलंय.’ बोट वलं होतं, फोन घेईना. तवा तुझ्या शर्टाच्या टोकानं पुसलास माझा अंगठा. एकदा पुसलास, परत पुसलास. बँकेचा इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, लेकाची माया. दुपारभर त्या अंगठ्याकडं बघून हसत होतो मी.

विक्रम : तसं काही मनात न्हवतं, आई.

जयाबाई : वाचलातास का न्हाय?

विक्रम : रोज काही ना काही येतंय त्यावर.

जयाबाई : वाचलातास का?

विक्रम : वाचलोतो. भरमाला सांगायचं ऱ्हायलं.

जयाबाई : ऱ्हायलं. आमटीत मीठ घालायचं ऱ्हातंय, बाबा. आनि दवाखान्यात आलास, तवा आठवलं न्हाय?

विक्रम : आठवलं.

जयाबाई : तरी डुलकी.

विक्रम : मग काय सांगू? मालकिणीनं मान्य केलंय आणि चालकाला सांगितलं न्हाय, असं निघालं तर सगळं तुझ्यावर येतंय. ट्रॉलीवरच्या रवळूचा पाय मोडलाय, केस झालीय. या वयात तुला पोलीस ठाण्यात नेऊन बसवू? तुला वाचवायलाच केलंय मी.

जयाबाई : आनि त्याचं लायसन गेलं म्हंजे? डुलकी घेणारा डायवर म्हनून नाव झालं की कोन चावी देनार हाय त्याच्या हातात?

विक्रम : त्याला लावतो की मी कुठं तरी. बँकेत वॉचमन पाहिजेच आहे.

जयाबाई : व्हय. झोपाळू मानूस, वॉचमनच करा त्याला. इक्रम, तुझ्या काकानं माझा अंगठा कसा घेतला ठावं हाय न्हवं? निपाणीकडच्या तंबाखूच्या रानाचा. ‘वैनी, पंचायतीचा कागद हाय.’ तुझ्या आप्पांचं तेरावं बी झालं न्हवतं. रान गेलं. तवा भरमा नवा आलाता जीपवर, चौथी शिकलेला. धुळीनं जीपची काच भरायची, त्या धुळीत बोटानं ‘ज’ काढून दाखवायचा. ‘आक्का, गिरवा.’ मग ‘या’. मग ‘बा’. ‘ई’ला पंधरा दिस लागले. तंवर काच पुसू दिलो न्हाय मी कुनाला. आनि त्याच मानसाला झोपलेला म्हनायला तू माझा अंगठा मागतोयस.

विक्रम : आई, पावणेचार झाले.

जयाबाई : होऊ देत. दीर परका, त्यानं रान नेलं. तू पोटचा, तू अंगठाच नेलास.

नीलम : आई, पाणी देऊ?

जयाबाई : कोरा कागद दे. मी सांगतो तसं लिव, तुझं शुद्ध मराठी त्यात घालू नको. ‘गाडी वाजली, थांबली न्हाय. भरमा जागा होता. त्यानं गाडीला दोनदा हाक मारली. गाडी बदलल्याचं घरात ठावं होतं, त्याला न्हवतं.’

विक्रम : म्हणजे माझं नाव घालणार?

जयाबाई : घरात म्हनलो. नाव तुझं तू घाल, छाती असली तर. खाली जागा सोड गं नीलम, दोघांची.

विक्रम : आणि तुझ्यावर आलं तर?

जयाबाई : येऊ दे. तोंड हाय मला. असाच दुसरा कागद कर गं. एक विम्याच्या मानसाला. दुसरा घेऊन उद्या मी बसनं खानापूरला जातो, भरमाच्या घरला. ह्या गाडीत पाय ठेवत न्हाय.

नीलम : लिहिलं. आधी वाचून दाखवते.

जयाबाई : ऐकलास का इक्रम? न सांगता वाचतीया.

नीलम : ...‘घरात ठावं होतं, त्याला न्हवतं.’ बरोबर? शाईचं पॅड आणू?

जयाबाई : पेन दे. डाव्या हातात.

विक्रम : जमणार न्हाय, आई. त्यापेक्षा अंगठा...

जयाबाई : त्यो शब्द आज माझ्याम्होरं काढू नको. कागद धर गं, हलतोय.

नीलम : ज... सावकाश... या... बा... ई.

जयाबाई : झाली?

नीलम : झाली. फक्त ‘या’चा काना राहिला, आई.

जयाबाई : ऱ्हाऊ दे. भरमा वळखंल.