बाटलीतले बुडबुडे

जबाब देणार: पूर्ण नाव अर्जावर लिहिलं आहे, बाजारात मला हवावाला म्हणतात. वय ५२ वर्षं, धंदा टायर-पंक्चर दुरुस्ती, राहणार बस डेपोच्या मागे, दुकानावरची खोली.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, माझा धाकटा भाऊ मागच्या गुरुवारी दवाखान्यात वारला. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या भावजयीने, वॉर्डातल्या सिस्टरविरुद्ध तक्रार दिली आहे. छातीतली नळी सिस्टरने निष्काळजीपणे बंद ठेवली, असं त्यात आहे. सिस्टरला निलंबित केलं आहे. नळी तिने बंद केलेली नव्हती.

भाऊ ३६ वर्षांचा, माझ्याच दुकानात कामाला. उंच आणि काटकुळा, गिऱ्हाइकं त्याला शिडी म्हणत. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला मीच वाढवलं आणि धंदाही मीच शिकवला. आमच्या कामात ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टबात फिरवतात. बुडबुडे येतील तिथे भोक. तिथे बोट दाबायचं, खूण करायची, घासून ठिगळ लावायचं. बुडबुडे थांबले की काम झालं. तीस वर्षं मी हेच करत आलो आहे.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, काही लागलं नाही की पडलं नाही, उभ्या उभ्या त्याच्या छातीत डाव्या बाजूला कळ आली आणि दम लागला. मी म्हणालो, सिगारेटी कमी कर. दिवसभर तो पायरीवर बसून राहिला. मंगळवारी सकाळी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून आम्हाला समजावलं. फुप्फुसाच्या वरच्या भागात पातळ फुगा धरलेला असतो, तो फुटला. उंच, सडपातळ आणि सिगारेट ओढणाऱ्या माणसांना मार न लागताही असं होतं. फुप्फुसातली हवा बाहेर येऊन फुप्फुस आणि बरगड्या यांच्या मधल्या जागेत साचली आणि फुप्फुस चिमलं. हवा थोडी असती तर आपोआप जिरली असती, ही फार होती. म्हणून बरगड्यांमधून नळी घालून तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवून ठेवलं. भाऊ म्हणाला, दादा, शेवटी मलाच टबात घातलंस. शेजारचे पेशंटही हसले. हसताना त्याला दुखत होतं.

बुधवारी सकाळी सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, बुडबुडे येऊ द्यायचे. साचलेली हवा बाहेर पडतेय. नळी दाबायची नाही, बाटली वर उचलायची नाही." मी मान हलवली. मनात म्हणालो, हवेचं आता हिने मला शिकवायचं.

गुरुवारी दुपारी दोनला भावजय मुलीला शाळेतून आणायला गेली आणि मी भावाजवळ बसलो. तो खोकला की बाटलीत बुडबुडे उसळत. तीन दिवस झाले तरी गळती चालूच होती. मला वाटलं, माझ्या भावाचा श्वास फुकट पाण्यात चाललाय आणि ही माणसं नुसती बघतायत. मला ते बघवेना. सव्वादोनच्या सुमारास नळीवरची प्लास्टिकची क्लिप मी दाबून बंद केली आणि वरून चादर ओढली. बुडबुडे थांबले. मला फार बरं वाटलं, हे लिहून घ्यावं. मी त्याला सांगितलं, गळती बंद केली. तो म्हणाला, "तू केलीस म्हणजे झाली."

तीनच्या आधी तो म्हणाला, श्वास पुरत नाही. मी म्हणालो, "तीन दिवसांची हवा गेलीय, भरायला वेळ लागणारच. दम धर." लहानपणापासून तो माझं ऐकत आला होता, तेव्हाही ऐकलं. माझा हात धरून पंधरा मिनिटं गप्प पडून राहिला. मग मानेच्या शिरा फुगल्या आणि ओठ काळेनिळे झाले, तेव्हा मी ओरडलो. चाळीस पेशंटना सिस्टर एकटी होती, तरी ती धावत आली. तिने चादर काढली आणि क्लिप उघडली. डॉक्टरांनी छातीत सुई घातली, वरून छाती दाबत राहिले. साडेतीनला त्यांनी हात थांबवले.

मला नंतर समजलं ते असं, की फुप्फुसाच्या भोकातून हवा निघतच होती आणि तिची बाहेर जायची वाट मी बुजवली होती. कोंडलेल्या हवेने दुसरं फुप्फुस आणि हृदयही दाबलं.

क्लिप कोणी लावली, असं डॉक्टरांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, मी नाही. भावजय मुलीला घेऊन तेवढ्यात दारात पोचली होती. सगळे सिस्टरकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यानंतर पाच दिवस मी कोणालाही काही सांगितलेलं नाही.

आपण मला विचारलंत की, अजाणतेपणी असा शब्द घालू का. घालू नये. मला सांगितलेलं होतं. मला वाटलं, मला जास्त कळतं.

भावजय बाहेर बाकावर बसली आहे. तिच्या तक्रारीला जोर यावा म्हणून मी आलो, असं तिला वाटतं. अंत्यविधीनंतर तिने मला विचारलं होतं, "भाऊजी, शेवटी त्यांना त्रास झाला का?" मी म्हणालो, नाही, झोपेतच गेला. तेव्हापासून ती जेवायला लागली. ते मी खोटं सांगितलं.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो लिहिला आहे, कुठे खाडाखोड नाही. आता तिला आत बोलवावं आणि तिच्यासमोर तो पहिल्यापासून पुन्हा वाचावा. माझ्याच्याने तिला सांगवणार नाही. वाचून होईपर्यंत मी इथेच उभा राहतो.