शुक्रवारी घरी येणारा बाप

आयल्सा : हसू नकोस बाबा. उद्या लग्न आहे माझं, आणि तू खुशाल हसतोस?

फर्गस : हसतोय कुठे? दिवसभराच्या वाऱ्यानं तोंड फाकलंय.

आयल्सा : अख्खं गाव ओरडतंय, लॅकलन टिकला, लॅकलन टिकला! आणि माझं काय?

एफी : सूप तरी पिऊ दे गं बापाला. सकाळपासून लॅकलनची पिशवी वाहतोय.

आयल्सा : आई, तूच म्हणालीस ना, शनिवार धर? गुरुवार-शुक्रवार गोल्फ, शुक्रवारी सांज झाली की निम्मे खेळाडू बाद होऊन घरी, आणि त्यात आपला लॅकलन सगळ्यांच्या पुढे! बाबा लॅकलनचा कॅडी झाल्यापासून दर शुक्रवारी रात्री घरी जेवलाय. त्या माणसाच्या हरण्यावर माझी तारीख काढली आपण.

एफी : काढली खरी. अख्ख्या स्कॉटलंडात हवेचा भरवसा नाही, पण लॅकलनचा होता.

फर्गस : स्पर्धा चार दिवसांचीच असते, पोरी. पार रविवारपर्यंत. आम्हालाच कधी पुढचे दोन दिवस दिसले नव्हते.

आयल्सा : एका फटक्यानं टिकला म्हणे. शेवटच्या होलला चेंडू कुठून वळेल, ते त्याला कोणी सांगितलं?

फर्गस : ...मीच.

आयल्सा : बाबा!

फर्गस : त्यानं विचारलं, डावीकडे किती? मी म्हटलं, वीतभर.

आयल्सा : उजवीकडे म्हणायचंस की!

फर्गस : अगदी ओठांवर आलं होतं. तुझा पांढरा झगा डोळ्यांपुढे होता. पण त्या हिरवळीवर उभं राहून खोटं बोलवत नाही गं.

एफी : आपल्या लग्नात मला देखणी म्हणताना बरं बोलवलं होतं!

आयल्सा : थट्टा पुरे. रविवारवर ढकलावं, तर बाबा मैदानातच. बरोबरी झाली की खेळ आणखी लांबणार. आणि सोमवारी उजाडता माझा फिनले निघाला समुद्रातल्या तेलविहिरीवर.

एफी : लेक सजवावी मायनं, पोचवावी बापानं. बाप नसला तर मी कोणाच्या हाती देऊ तुला?

फर्गस : अगं, ऐका तरी दोघी. रडतखडत टिकतो त्याला शनिवारी सगळ्यांत आधी खेळायला काढतात. मानकरी मागून, दुपारी. आम्ही कोंबड्याच्या बांगेला निघू आणि जेवायच्या आत मोकळे होऊ.

आयल्सा : आणि समुद्रावरून धुकं आलं तर?

एफी : शुभ बोल!

(शनिवार, टळती दुपार. चर्चच्या पायऱ्या. धुकं विरून काही तास झालेत.)

आयल्सा : आलंच ना शेवटी! सगळी सकाळ गिळली मेल्यानं. आई, आत पाहुणे काय म्हणतायत?

एफी : आत आहे कोण? एकटा बॅगपाइपवाला पेंगतोय. बाकी झाडून सगळे शेवटच्या होलच्या कुंपणाशी.

आयल्सा : फिनलेसुद्धा?

एफी : तो तर पुढे. किल्ट सावरत पळाला.

आयल्सा : निदान पाद्रीबाबा तरी...

एफी : दुर्बीण त्यांचीच आहे.

आयल्सा : थांब. टाळ्या वाजल्या!

एफी : संपला बाई खेळ! तो बघ, तुझा बाप पळतोय, अंगात अजून कॅडीचा डगला. मागून सगळं वऱ्हाड.

फर्गस : आलो, आलो! फार उशीर झाला का गं?

आयल्सा : नवरदेव तुझ्या मागून येतोय, उशीर कसला! लॅकलन कसा खेळला?

फर्गस : पार ढेपाळला. उद्याही पहाटे आमचीच पाळी पहिली. म्हणाला, रात्रभर नाच, पण उभ्या पायांनी ये. हा डगला काढू?

आयल्सा : राहू दे. त्यात तू माझा बाबा दिसतोस. चल. अरे, मागे का राहिलास?

फर्गस : सवय, पोरी. खेळणाऱ्याच्या एक पाऊल मागे चालायची.

आयल्सा : आज शेजारी चाल.

फर्गस : चालतो. पण खांद्यावर काही नाही, तर हात कुठे ठेवावा तेच कळेना.

आयल्सा : दे इकडे.