कुलूप तेच ठेवा

छे हो दादा, मंत्र कसला! प्रार्थना पुटपुटत होते. तुम्ही तुमचं काम करा – मला सवयच आहे, हात रिकामे असले की तोंड चालू. आमच्या ह्यांची आहे ती. शाळेत पी.टी.चे मास्तर होते, सगळं आयुष्य शिट्टी वाजवण्यात नि ओरडण्यात गेलं, पण प्रार्थना म्हणायचे ती किती हळू! कशी म्हणायची सांगू? आधी मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवायचे. हे असे. मुठीत काही धरायचं नाही – तेच तर मुख्य. मागायचंही काही नाही. श्वास सोडता सोडता म्हणायचं, ‘देवा, माझं म्हणावं असं काही उरलं नाही, ठेवशील तसं राहीन –’ आणि मग पुढची ओळ... ती नंतर सांगते. म्हणून झालं की लगेच उठायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, गप्प बसून राहायचं. किती वाजले हो? अजून किती वेळ लागेल?

नाही, घाई अशी नाही. म्हणजे आहे. लेक यायचीय दुपारी. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे ना – म्हणून तर म्हटलं, कुलपाच्या आतलं सगळं बदला, जुनी किल्ली फिरता कामा नये. नवीन कुलूप? अहो, नवीन दिसलं की तिच्या लगेच लक्षात येईल! हेच हवं, असंच गंजकं. तिला वाटू दे, बिघडलं म्हणून. हसताय काय? पोटची पोर आहे, वाईट नाही हो ती. बाबांना ठेवायला जागा बघून आलीय – बाग आहे म्हणे, नर्स आहेत, माझी कंबर गेलीय, माझी झोप गेलीय, सगळं बोलून दाखवलं. मग त्यांच्यापुढे बसून विचारलं, ‘बाबा, याल ना?’ आणि हे काय म्हणाले? प्रार्थनेतली ओळ! ‘नेशील तिथे येईन.’ अहो, त्यांना माझं नाव आठवत नाही, पण ती ओळ मात्र जशीच्या तशी. कुणीही हात धरला की तेच म्हणतात नि चालू लागतात. परवा त्या कुरिअरवाल्याच्या मागे चौकापर्यंत गेले – अख्ख्या शाळेला रांगेत चालवलेला माणूस! लेक म्हणते, बघ, बाबांनी होकार दिला. होकार कसला डोंबलाचा! मी म्हटलं, देवाला म्हणायचं असतं ते, तुला नाही. तर म्हणाली, ‘आई, तू तरी म्हणतेस का कधी ती ओळ?’ लागलं मला. नाही म्हणत. तिथवर आले की मूठ आपोआप आवळते, काय करू? कोंडून ठेवते मी त्यांना, झालं समाधान? भाजीला जायचं तरी बाहेरून कुलूप. वाईट दिसतं, कळतं मला. पण माझ्या घरात तरी आहेत.

काय म्हणालात? आत्ता? आत्ता एकटेच आहेत, झोपलेत. दाराला काय म्हणजे? कुलूप लावूनच निघाले की, नेहमीसारखी –

हे... हे तर तुमच्या टेबलावर पडलंय.

अगं बाई! कडी घातली का मी? कुलूप काढलं, पिशवीत टाकलं, चपला घातल्या... कडी आठवत नाही हो दादा! फोन – हा घ्या, तुम्ही लावा, ‘बाळी’ म्हणून आहे. वाजतोय? द्या इकडे. हॅलो, बाळे, कुठायस? पोचलीस? दार सताड... आणि बाबा? बोल ना गं! ...फाटकाबाहेर? सापडले? हात धर त्यांचा. आधी हात धर. हो, कुलूप माझ्याकडे आहे, काय ओरडायचं ते नंतर ओरड. काय म्हणतायत ते? ...तेच म्हणतायत? मग ने. ने बाई, तुला न्यायचं तिथे ने, मला विचारू नकोस – हात तेवढा सोडू नकोस.

नको, पाणी नको. ते जोडत बसू नका, दादा. राहू द्या तसंच. निघते मी.