जागल्याचं सपन

(म्हसावद, चैत्रातली कलती दुपार. भिला पोलीसपाटील ओसरीवर संशयितांच्या रोजच्या हजेरीचं बुक उघडून बसला आहे. शेजारी त्याची आई दगूबाई डाळ निवडते आहे. पायरीखाली गावाचा जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार, जेठ्या भील.)

दगूबाई : मंग मोज ना बोटवर. नारसिंगले धरी दिधा का पहिलं बोट, फौजदार खूश. दुसरं, तुन्ही पाटीलकी वाचनी. तिसरं, नर्मदाबाई गप. अंगठा कोनासाठे ठेवा, भाऊ?

भिला : आई, हे सरकारी काम आहे. नर्मदाबाईचा बैल चोरीला जाऊन तीन दिवस झाले, उद्या फौजदार येणार. जेठ्या, तू माग काढलास ना?

जेठ्या : काढला, पाटील. पण तुम्ही आधीच काहीतरी लिहिलेलं दिसतंय.

भिला : 'माग तोरणमाळच्या डोंगरवाटेला लागला. संशयित हजेरीतला नारसिंग.' खाली फक्त तुझा अंगठा हवा.

दगूबाई : हाई देख, अंगठा सापडी गया!

जेठ्या : पाटील, नारसिंग त्या दिवशी इथंच हजेरी देऊन गेला. याच पायरीवर.

भिला : हजेरी लागते म्हणजे माणूस चोरच. उगाच का नाव बुकात असतं?

जेठ्या : नाव लागलं छप्पन्याच्या दुष्काळात. त्याच्या आज्यानं टोपलीभर ज्वारी उचलली होती. बाप हजेरी देता देता मेला. आता हा देतो. यानं काय उचललं, ते कुठल्या पानावर आहे?

भिला : घराण्याचं वळण असतं, जेठ्या.

दगूबाई : त्याच साले मन्हा सासरानी सरकारी कोठारमाईन अख्खं पोतं काढं व्हतं. गाव आजून म्हनस, काय हुशार मानूस! त्यानं बुक कोठे शे रे?

भिला : आई, तू डाळ बघ. जेठ्या, इकडे ये, हात दे.

जेठ्या : देतो. पण एक सपन पडलंय, तेवढं सांगू? जागेपणी तुमच्यापुढं मी काय बोलणार? आमच्या पंचात सपनातल्या शब्दाला दंड नाही.

भिला : मला सवड नाही.

दगूबाई : माले शे. बठ. सांग.

जेठ्या : मोहाच्या फुलांचा वास होता, माय. इतका दाट, की पाय भुईला लागत नव्हते. उजेड होता, पण कशाचा ते कळेना. माझ्यापुढं खूर चालले होते. बैल नाही, नुसते खूर. एकेक उमटायचा, पाण्यानं भरायचा, आणि त्यात आभाळ हलायचं. खुरांशेजारी जोडा चालला होता. नाल ठोकलेला.

भिला : जोडा?

जेठ्या : नारसिंगच्या सात पिढ्यांत जोडा नाही, पाटील. पण सपन ते, म्हटलं असेल. डोंगर तिकडं निळा, धुरासारखा तरंगत होता. माग त्याच्याकडं पाठ करून खाली चालला, कापसाच्या रानातून, ओढ्यातून. उजवा पाय नीट पडायचा. डावा फरफटायचा. लहानपणी कुणी घोडीवरून पडलं असावं, तसा.

दगूबाई : डावा?

जेठ्या : डावाच, माय. मग मळ्याचं फाटक आलं. आत बैल निवांत रवंथ करत होता. मला म्हणाला, 'नर्मदाबाईची नांगरणी चुकली, रान पडीक राहिलं, की शेजाऱ्याला बांध सरकवायला बरं.' सपनात बैलही बोलतात.

दगूबाई : दोधू. भिला, तुन्हा धाकला भाऊच शे हाऊ. घोडीवरथीन पडना तवय मीच त्याना पाय शेकेल शे.

भिला : हळू बोल, माय! कोनी ऐकी लिन!

दगूबाई : आते कचेरीनी बोली कोठे गई?

भिला : दोधूले बेड्या पडतीन, माय. पोरंसोरंवाला शे तो.

दगूबाई : नारसिंग काय झाडले लागेल शे? त्याले बी माय शे. आजच बैल सोडी दे. दोधूले मी देखस. बुकमा त्यानं नाव नको, नारसिंगनं बी नको.

भिला : पण काहीतरी लिहावंच लागेल. बैल आपोआप सुटला, आपोआप आला, असं लिहिलं तर फौजदाराचा पहिला प्रश्न ठरलेला : जागल्या काय करत होता?

जेठ्या : लिहा की. जागल्या झोपला होता.

भिला : वेडा का रे? जागलकी जाईल. जागलकीबद्दल मिळालेलं रान जाईल.

जेठ्या : सपन पडलं असं मीच सांगितलं ना? झोपल्याशिवाय ते पडतं का? घ्या पाटील, हा अंगठा.

दगूबाई : आनि नारसिंगनी हजेरी?

भिला : ती सरकारनं लावलेली आहे, आई. माझ्या हातात नाही.

दगूबाई : वा. नर्मदाबाईले बैल मिळी गया. दोधूनं नाव वाचनं. तुन्ही पाटीलकी ऱ्हायनी. नारसिंग आजनी रात त्याना घर निजी. समदासनं मोल भरं एकला जेठ्यानी. जेठ्या, आते काय करशी रे?

जेठ्या : निजून बघेन, माय. तीस वर्षं जागलो. सपन कसं असतं, ते एकदा बघायचंय.