कंडक्टरशिवाय गाडी हलत नाही

...आणि वर मलाच म्हणतात, सूनबाई फार अबोल आहेत. अहो, बोलायला जागा कुठे आहे? आमच्या घरात तोंड उघडायचं तर आधी बाबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे बघायचं, ते लाइव्ह आहेत की नाहीत. लाइव्ह असतील तर बोलायचं नाही, कारण जगभर ऐकू जातं, आणि नसतील तर बोलायचं नाही, कारण ते आराम करताहेत... कशाचा आराम? तर मघाशी लाइव्ह होते, त्याचा. मधल्या वेळात काय ते बोलून घ्यायचं. मधला वेळ म्हणजे हेडफोन काढून ते चष्मा पुसतात, तेवढा. त्यात माझं नुसतं "बाबा, एक..." एवढंच म्हणून होतं, तोवर चष्मा नाकावर चढलेला असतो.

नाही, तुमचा गैरसमज होईल, पहिल्यापासून सांगते. सासरे बसचे ड्रायव्हर. उभा जन्म स्टिअरिंगमागे गेला. निवृत्त झाले आणि घरात येरझारा सुरू झाल्या. खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय दाबायचे. सासूबाई सांगतात, "झोपेतसुद्धा ब्रेक लावायचे गं, माझं पांघरूण पार पायथ्याशी जायचं." तेव्हा माझ्या नवऱ्याने, म्हणजे तेव्हा तो कुणाचाच नवरा नव्हता आणि त्याच्याजवळ वेळ होता, त्यांना बस चालवायचा गेम आणून दिला. टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग, खाली पेडल, समोर हा एवढा पडदा. आणि वर ते सगळं इंटरनेटवर लाइव्ह जोडून दिलं, का, तर डेपोतले चार जुने मित्र बघतील, तेवढाच विरंगुळा. चार मित्र आले. मग मित्रांच्या सुना-नातवंडं आली. मग कोण कुठले लोक आले आणि हलेचनात.

आता तुम्ही म्हणाल, गेम म्हटला की धावपळ असेल, गोळीबार असेल, गाड्या हवेत उडत असतील. छे हो. आमची बस लाल दिव्याला थांबते. गेममध्ये, रिकाम्या रस्त्यावर, आजूबाजूला चिटपाखरू नसताना थांबते. आणि बघणारे हजारो लोक पण थांबतात. दिवा हिरवा झाला की कमेंटमध्ये टाळ्या. यात बघण्यासारखं काय आहे, मी नवऱ्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "लोकांना शांत वाटतं." एक नर्स आहे, नाव घेतलंय 'मागची सीट', ती ड्यूटी संपवून घरी आली की आमच्या बसमध्ये बसते आणि दुसऱ्या स्टॉपला झोपते. एक बाई म्हणे बाळाला याच गाडीत निजवते. सगळ्या जगाला आमच्या हॉलमध्ये झोप लागते, फक्त आम्ही जागे.

तर अशा घरात मी लग्न करून आले. नवी नवरी, कुणाशी काय बोलावं कळेना, सगळे हॉलमध्ये बसलेले. मला वाटलं, आपण घुम्या आहोत असं नको वाटायला, काहीतरी विचारावं. तर मी आपलं सहज विचारलं, "बाबा, या गाडीला कंडक्टर नसतो का हो?"

माणसाने काहीतरी बोलायचं म्हणून कधी बोलू नये.

गाडी कडेला लागली. हँडब्रेक ओढला. बाबांनी हेडफोन काढले, माझ्याकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं... म्हणजे बाहेर पडल्यावर आपण शर्टच घातला नाही हे लक्षात आलेल्या माणसासारखं. म्हणाले, "खरंच की. एवढे दिवस मी कंडक्टरशिवाय गाडी चालवतोय." दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची, आणि टेबलाच्या कडेला सायकलची घंटी, स्क्रूने पक्की. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. माझ्या दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही, नियम म्हणजे नियम. नवरा कौतुकाने म्हणाला, "बाबांना किती आवडलीस तू."

मी काही बोलले नाही.

काम काय, विचाराल तर, कमेंट म्हणजे प्रवासी. त्यांना रामराम करायचा, जागा द्यायची, पुढे सरका म्हणायचं. एक लिहितो, "कंडक्टर ताई, खिडकीची काच बंद होत नाहीये." अहो, तो त्याच्या घरात बसलाय, मी माझ्या घरात, काच कुणाची? पण मी लिहायचं, "बघते हं दादा." आणि कुणी घाण घाण लिहिलं, तर त्याला उतरवायचं. एक बटण दाबलं की झालं, पण बाबा तसं दाबू देतील तर शपथ. "पोरी, चालत्या गाडीतून प्रवासी उतरवायचा नाही." म्हणजे पुढचा स्टॉप येईपर्यंत त्याच्या शिव्या मी निमूट वाचत बसायच्या. मग स्टॉप येणार, मी एक घंटी देणार, दार उघडणार, कुणीही उतरणार नाही, मी बटण दाबणार, दार लागणार, दोन घंट्या. त्यातल्या एकाने तर मधल्या वेळात माफी मागितली, तर बाबा म्हणाले, "जाऊ दे, बसू दे, लांबचा दिसतोय."

हे सगळं मी केलं असतं हो, तक्रार ती नाही. पण लग्नानंतर आम्ही दोघं फिरायला जाणार होतो. डोंगरावर, थंड हवेला, दोनच दिवस. कारण या घरात आम्ही नवरा-बायको बोलतो ते स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने. शिट्टी थांबली की वाक्य अर्धवट. मला त्याची अर्धीच वाक्यं माहिती आहेत. मला हवं होतं काय, तर एक पूर्ण संभाषण, कुणी ऐकत नसताना. हे काय जगावेगळं मागणं झालं का?

पहिल्यांदा ठरलं, तर गेममध्ये नवीन रस्ते आले. "एवढी फेरी होऊ दे, मग जा." दुसऱ्यांदा ठरलं, तर "बदली कंडक्टर बघा आणि खुशाल जा." बदली कंडक्टर कुठून आणू? सासूबाईंना विचारलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी सगळा संसार यांच्या डबल बेलवर केलाय. आता मला स्टॉपवर बसू दे."

नवरा म्हणाला, "तू काळजी करू नकोस, मी बोलतो बाबांशी." गेला तावातावाने हॉलमध्ये. मी आतून कान देऊन बसले. बसचा घरघर आवाज, वायपरचा आवाज... दहा मिनिटांनी जाऊन बघते तर हा सोफ्यावर, मान खिडकीकडे कलंडलेली, तोंड उघडं, गाढ. आणि बाबा हळू आवाजात मला म्हणतात, "पुढच्या स्टॉपला उठव त्याला."

मी काही बोलले नाही.

शेवटी आम्ही न विचारताच तिकिटं काढली. शनिवारची. म्हटलं, आता सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो. आणि त्याच दिवशी बाबांनी लाइव्हमध्ये जाहीर केलं, येत्या शनिवारी विशेष फेरी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, अखंड. कमेंटमध्ये नुसता जल्लोष. 'मागची सीट'ने लिहिलं, "मी सुट्टी काढते." बघा, ती आमच्या हॉलमध्ये यायला सुट्टी काढते आणि मला हॉलमधून जायला सुट्टी नाही.

बाबा म्हणाले, "कंडक्टर, शनिवारी डबा जास्त घ्या."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी माइक जवळ ओढला आणि म्हटलं, "शनिवारी मी नाही."

गाडी कडेला. पडद्यावर बसचे दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकायला लागले. बाबा म्हणाले, "म्हणजे?"

"मला फिरायला जायचंय. नवऱ्याबरोबर."

आता हे मी हळू आवाजातच म्हणाले, पण माइकला हळू-मोठा काही कळत नाही. पडदा एकदम कमेंटांनी भरला, म्हणजे रस्ता दिसेना. "अहो, जाऊ द्या तिला." "ताई अजून गेलाच नाहीत?" "ड्रायव्हरकाका, हे बरोबर नाही हं." नर्सबाईंनी तर ठणकावलं, "त्यांना सोडल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही." सगळी गाडी अडून बसली. बाबा वाचत होते, एकेक कमेंट, बोट लावून. मग चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. म्हणाले, "पोरी, मला वाटलं तुला हे आवडतं. तू कधी काही बोलली नाहीस."

मी घंटीवरचा हात काढून घेतला.

आतून सासूबाई हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "दोन दिवस मी बघते. सरक." आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

तर आम्ही गेलो बरं का. खऱ्या बसने. खरा ड्रायव्हर, लाल दिवा त्याला दिसतच नव्हता. मी जीव मुठीत धरून बसले आणि नवरा? गाडीने पहिली घरघर केली आणि तो झोपला. सवय हो, दुसरं काय. वर पोहोचेपर्यंत त्याने खांदा काही सोडला नाही, माझा.

आणि वर धुकं. असं धुकं की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. दरीच्या कठड्याशी उभे राहिलो, समोर दरी आहे असं पाटीवर लिहिलं होतं, म्हणून विश्वास ठेवायचा. मी म्हटलं, चला, निदान बोलू तरी. तेवढ्यात याने फोन काढला. "आईचं कसं चाललंय, एकदाच बघतो." बघतो तर काय, बाबांनी गाडी गेममधल्या डोंगरावर नेलेली. लख्ख ऊन, निळं आकाश, दरी तळापर्यंत दिसतेय, आणि सासूबाई म्हणताहेत, "अगंबाई, काय सुंदर आहे हो. तुम्ही मला कधी खरी दाखवली नाहीत." आम्ही दोघं दरीकडे पाठ करून फोनमध्ये दरी बघतोय.

नवऱ्याने कमेंट केली, "इथे धुकं आहे." त्याने तिथे भलतंच नाव घेतलंय, आईला काय माहीत? सासूबाईंनी मोठ्याने वाचलं, "हा कोण म्हणतोय धुकं आहे? एवढं ऊन पडलंय. डोळे तपासून घे बाबा." याने लिहिलं, "आई, मी आहे." तर त्या म्हणाल्या, "हं. परवा फोनवरपण एक जण हेच म्हणाला, आई मी आहे, कार्डाचा नंबर सांग. ऊठ, उतर खाली."

मागून बाबांचा आवाज, "अगं, गाडी चालू आहे."

"मग उडी मारेल."

आणि पडदा काळा. आम्हाला आमच्याच बसमधून उतरवलं. परत जाता येईना, बस काही आत घेईना.

मग सगळं शांत झालं. धुकं, कठडा, आम्ही दोघं. आजूबाजूला कुणी नाही, घंटी नाही, शिट्टी नाही, ऐकणारं कुणी नाही. नवऱ्याने फोन खिशात ठेवला, चार दिशांना बघितलं आणि कंटाळून मला म्हणाला, "आता काय बघायचं गं?"

तुम्हाला सांगते, मी त्याच्या समोरच उभी होते.