शंभर बोंडं अन् नर्मदाबाईंचं एक बटण

...अन् वरून विचारतेत, सर मनगटाला काय झालं? तीन आठवडे माउस ओढायलो, दुसरं काय होणार! तुमाला सांगतो, मी शाळेचा संगणक सर, अख्ख्या मानवत गावात ठोकळे जोडावेत तर मीच, असा माझा समज. संगणकावरचे रंगीत ठोकळे हो, एकाखाली एक अडकवले की चित्र हलतंय, बोलतंय. परभणीला शाळांचं प्रदर्शन होतं, त्याचा नियम एकच, खेळ ठोकळ्यांचाच पायजे. म्हणलं, कापूस वेचायचा खेळ करू. शंभर बोंडं, अन् दर बोंडाला वीस ठोकळे. लावले की हो, एक-एक, हातानं!

चार दिवस राहिले अन् आमचे हेडसर गोविंदराव आले. चष्मा वर करून म्हणतेत, "सर, अळी कुठाय? बोंडअळी न्हाई तर ह्यो मानवतचा कापूस कसा?" झालं का! शंभर बोंडं परत उसवायची? शाळेचं नाव दिलेलं, माझं दिलेलं, सासुरवाडीत सांगून बसलेलो... मी खालीच बसलो.

तेवढ्यात आमच्या क्लार्क नर्मदाबाई आल्या. रिटायरला दोन वर्षं. टायपिंगमध्ये लय नाव, पण माउसला हात लावत न्हाईत, म्हणतेत, "ते हातातून निसटतंय हो." त्या म्हणल्या, "सर, भाचीनं संगणकाची एक भाषा शिकवलीय. आपण नुसतं लिवायचं, ठोकळे ती भाषाच करती." मी हसलो. तुमी न्हाई हसला असता?

बाईंनी कीबोर्डवर बोटं ठेवली. नजर खिडकीबाहेर, शिपाई कुणाशी बोलायलाय तिकडं, अन् बोटं खटाखट. बोंडाचं एकदा लिवलं, अळीचं एकदा, शंभरांना लागू. एक बटण दाबलं, अन् ठोकळे जागच्या जागी! तीन आठवडे, अन् हे एका दुपारात... मी त्यांच्या बोटांकडंच बघायलो.

पण माणूस हाय मी. त्या चहाला गेल्या, तवा गुपचूप एक ठोकळा हातानं लावला. शेवटी "शाब्बास" म्हणणारा. तेवढाच आपला हात! त्या आल्या, अळी गुलाबी पायजे म्हणल्या, एक ओळ बदलली, एक बटण दाबलं, अन् ठोकळे जागच्या जागी. माझा सोडून!

"बाई, माझा शाब्बास?"

"वरून लावलेलं टिकत न्हाई सर. खरं ते लिवलेलं. सगळं त्याच्यातूनच परत तयार होतंय."

परभणीला पहिला नंबर आला. परीक्षक विचारतेत, इतके सरळ ठोकळे कुणी लावले? गोविंदराव म्हणले, "आमच्या सरांनी, मनगट बघा की त्यांचं." तोंडात आलेलं खरं नाव गिळावं वाटलं, खोटं न्हाई सांगत. पण म्हणलं, नर्मदाबाईंनी.

आता रोज शाळा सुटली की त्यांच्यापुढं बसतो. पन्नाशीत टायपिंग शिकायलो. ए एस डी एफ. "सर, बोटांकडं बघू नका." परवा चार ओळी स्वतः लिवल्या. एक बटण दाबलं, अन् ठोकळे जागच्या जागी! पडद्यावर एकच बोंड उमललं... अन् आत बघतो तर अळी. असू द्या. लिवलेली हाय, आता पुसायची न्हाई.