दोन याद्या

(काळाचौकीच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. दुपारचे तीन. कुशाबा पाटावर बसलेला, खांद्यावर जुना टॉवेल. बायको सुभद्रा त्याच्या केसांना डाय लावते आहे. दारात कुशाबाचा कंपनीतला जुना सोबती दत्ताराम.)

सुभद्रा : मान हलवू नका म्हटलं ना! कानाला लागलं की आठ दिवस जात नाय ते. मागच्या खेपेला शेजारची पोरं विचारत होती, आजोबांच्या कानाला काय झालं म्हणून.

कुशाबा : दारात कोण आहे बघ.

सुभद्रा : बघितलं. भावोजी आहेत. केव्हाचे चपला काढतायत. एवढ्या वेळात माणसाची आंघोळ झाली असती.

दत्ताराम : नाय, म्हटलं कामात असाल तर मी मागाहून येतो.

कुशाबा : ये रे दत्ता. मला उठता येत नाय, अर्धा तास असंच बसायचंय. बस त्या खाटेवर.

सुभद्रा : महिन्यानं आलात. वाट विसरलात की काय?

दत्ताराम : यायचं यायचं म्हणत होतो, वहिनी. राहून गेलं. काय रे कुशा, सुपरवायझर येणार काय?

कुशाबा : शनिवारी. नवीन आहे, पंचविशीतला. सगळ्यांना रांगेत उभं करून बघतो. वॉचमनच्या एजन्सीच्या कागदावर मी अठ्ठावन्न आहे.

सुभद्रा : आणि घरात एकाहत्तर.

दत्ताराम : मला छप्पन केलं होतं त्यांनी. त्याच टॉवरच्या गेटवर तीन वर्षं मी पण लावलाच की डाय.

सुभद्रा : तुम्हाला आता पांढरे परवडतात, भावोजी.

कुशाबा : सुभद्रा.

सुभद्रा : खोटं बोलले काय? परवडतात तर परवडतात. त्यांना मिळालं म्हणून मी काय बोटं मोडत नाय. चहा टाकू?

दत्ताराम : नको. म्हणजे, आत्ता नको. कुशा, रविवारी आम्ही युनियनच्या ऑफिसात बसलो होतो. पेन्शनच्या केसमधले, पहिल्या यादीतले.

कुशाबा : किती आले?

दत्ताराम : पन्नासातले एकतीस. चारपाच जण गावाला असतात. बाकीचे आता कुठून येणार?

कुशाबा : आनंदा गेला ना?

दत्ताराम : चैत्रात. वाढलेली पेन्शन दोनदा हातात आली त्याच्या. दोनदाच.

कुशाबा : दोनदा तर दोनदा. आली तरी.

दत्ताराम : तर त्या लोकांनी मला पाठवलंय. म्हणाले, कुशाबा तुझं ऐकेल.

सुभद्रा : काय ऐकायचं यांनी?

कुशाबा : अपिलावर सही करू नको म्हणून सांगायला आलाय तो. हात चालू दे तुझा, सुकेल ते.

सुभद्रा : सुकू दे! उद्या मुदत संपते आणि हे आज सांगायला आले? भावोजी, मी सातवी शिकलेली बाई. मला एकदा समजेल असं सांगा. एकच साबणाची कंपनी, एकच पॅकिंग खातं, एकाच महिन्यात दोघं रिटायर. मग एकाला वाढीव पेन्शन आणि एकाला वाटाण्याच्या अक्षता, खंयचो न्याय हो?

दत्ताराम : आता मी काय सांगू...

कुशाबा : मी सांगतो. पूर्ण पगारावर पेन्शन पाहिजे तर एक फॉर्म भरायचा होता. कंपनीनं तो द्यायचा, आपण भरायचा. कंपनीनं कोणालाच दिला नाय. दत्ताच्या यादीचे जज्ज म्हणाले, फॉर्मच दिला नाय तर कामगार भरणार कुठून, द्या त्यांना पेन्शन. आमच्या यादीचे म्हणाले, फॉर्म भरला नाय ना, मग हक्क कसला?

सुभद्रा : मेला तोच फॉर्म?

कुशाबा : तोच. न भरलेला.

सुभद्रा : आणि हे दोघं जज्ज बसतात कुठं?

कुशाबा : एकाच मजल्यावर. मध्ये पाण्याचा कूलर आहे. दोन्ही निकालांच्या दिवशी मी त्याच कूलरचं पाणी प्यायलो.

सुभद्रा : मग त्यांनी एकमेकांना विचारायचं नाय?

कुशाबा : मी पण हेच विचारलं वकीलबाईंना. जुई मॅडम म्हणाल्या, काका, दाखवला होता तो निकाल, पण ते म्हणाले, आम्हाला तो पटत नाही. अकरा वर्षं जिने चढलो सुभद्रा, आता माझ्यात रागवायचा पण दम नाय. शहाण्यानं चढू नये ती पायरी म्हणतात, ते काय उगाच?

दत्ताराम : म्हणूनच म्हणतो कुशा, ऐक. तू वर गेलास की वरचं कोर्ट विचारणार, एका फॉर्मचे दोन निकाल कसे? मग आमचा पण काढणार. पेन्शन ऑफिस टपूनच बसलंय. आमच्या निकालावर ते गप्प राहिले, कारण कोणी उकरून काढलं नाय. आता तू उकरलंस की ते पण तिथं उभे राहणार. दिलेलं परत मागतील, असं पण कोण कोण बोलतायत.

सुभद्रा : यांच्या यादीत पण त्रेचाळीस जण होते. त्यांच्याकडे जा की.

दत्ताराम : बाकी कोणी सही करत नाय, वहिनी. काही वारले, काही कंटाळले, काहींच्या पोरांनी नको म्हटलं. वर जायला एक सही पुरते. ती ह्याचीच राहिलीय.

सुभद्रा : बरं. म्हणजे आता यांनी पुन्हा सोडायचं. एकदा सोडलं ते पुरलं नाय.

कुशाबा : ते कशाला काढतेस?

सुभद्रा : काढणार! भावोजी, त्या दिवशी लालबागला वकिलांकडं सह्यांची रांग लागली, त्या रांगेत हे तुमच्या पुढं होते की मागं?

दत्ताराम : पुढं.

सुभद्रा : आणि एका अर्जाला नावं किती?

दत्ताराम : पन्नास. माहिती आहे मला, वहिनी. आईचं बारावं होतं गावाला. परळ डेपोतून साडेपाचची एसटी होती. हा म्हणाला, तू कर आधी, तुला गाडी गाठायचीय. मी केली. मुन्शीनं तिथंच पान उलटलं, आणि हा दुसऱ्या यादीत पहिला झाला. रोज आठवतं मला. ती गाडी चुकली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

कुशाबा : पुरे रे. रांगेतच निकाल लागतोय, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? ठाऊक असतं तर मी काय तुला पुढं सोडला असता?

सुभद्रा : सोडला असतात. तुमचा काय भरवसा!

कुशाबा : नसता सोडला. तेवढा काय मी देवमाणूस नाय.

दत्ताराम : पाय फार सुजलेत रे तुझे.

सुभद्रा : आत्ता दिसले तुम्हाला? मोज्याची रबरं रुततात. रात्री मी तेल चोळते, बोट दाबलं की खड्डा राहतो. बारा तास उभं राहायचं. खुर्ची ठेवली तर सोसायटीवाले म्हणतात, वॉचमन झोपतात.

दत्ताराम : माहिती आहे. ती खुर्ची माझ्या वेळेलाच काढली.

कुशाबा : तुझं कसं चाललंय ते सांग. कौसल्या बरी आहे?

दत्ताराम : बरी आहे. मी घरात असतो म्हणून कावते. कुशा, तुला खरं सांगू? लोक विचारतात, पैसे वाढले, काय घेतलंस? काही घेतलं नाय. पहाटे पाचला जाग येते सवयीनं. उठून बसतो. मग आठवतं, जायचं नाय. परत आडवा होतो. एवढंच मिळालं बघ मला.

सुभद्रा : यांना पण तेवढंच पाहिजे हो. दुसरं काय मागतोय आम्ही?

कुशाबा : दत्ता, ते एकतीस जण राहू दे बाजूला. तू काय म्हणतोस?

दत्ताराम : मी?

कुशाबा : तू. मी सही करू की नको?

दत्ताराम : नको करूस.

सुभद्रा : भावोजी!

दत्ताराम : खोटं कशाला बोलू, वहिनी? घरातून निघालो तेव्हा ठरवलं होतं, निरोप द्यायचा आणि वर सांगायचं, त्यांचं ऐकू नको, कर बाबा सही, माझं काय व्हायचं ते होईल. नाक्यापर्यंत पक्कं होतं माझं. पण दारातून ह्याला असा टॉवेल घेऊन बसलेला बघितला, आणि सगळं गळून पडलं. माझ्याच्यानं परत गेटवर उभं राहणं नाय होणार कुशा. बोलायला लाज वाटते. पण नाय होणार.

कुशाबा : हं.

दत्ताराम : काहीतरी बोल. शिव्या घाल पाहिजे तर.

कुशाबा : काय बोलू? सोमवारीच केली रे मी सही.

सुभद्रा : काय?

कुशाबा : डबल ड्युटी आहे म्हणून सांगून गेलो ना, तेव्हा. गिरगावात, मॅडमच्या ऑफिसात.

सुभद्रा : आणि मी चार दिवस तुमच्या मागं लागलेय, सही करा, सही करा! मला सांगायला काय झालं होतं?

कुशाबा : सांगितलं असतं तर तू खूश झाली असतीस. मला ते बघवलं नसतं.

दत्ताराम : म्हणजे मी उगाच वाईटपणा घेतला.

कुशाबा : तू येणार हे मला माहिती होतं. तू समोर येऊन बसलास की माझा हात उठायचा नाय, म्हणून तर आधीच उरकून आलो. आणि बरं झालं, नको म्हणालास ते. कर म्हणाला असतास तर मला जास्त जड गेलं असतं.

दत्ताराम : महिनाभर मी तुला चुकवत होतो.

कुशाबा : मी पण. तू दुधाच्या दुकानाशी दिसलास की मी मागच्या जिन्यानं जायचो. गुडघे असे असताना.

सुभद्रा : दोघं सारखेच. उठू नका अजून, पंधरा मिनिटं आहेत. भावोजी, आता चहा घ्या. भांडण तर झालं.

दत्ताराम : टाका. कुशा, माझी पेन्शन लगेच थांबेल काय?

कुशाबा : नाय. वरचा निकाल लागेपर्यंत चालू राहील बहुतेक, असं मॅडम म्हणाल्या.

दत्ताराम : बहुतेक?

कुशाबा : मी पण विचारलं, बहुतेक म्हणजे काय? तर म्हणाल्या, काका, या विषयात याच्यापुढचा शब्द मी कोणालाच देऊ शकत नाही. चांगली मुलगी आहे. तिचे पण डोळे ओढलेले दिसले.

दत्ताराम : आणि निकाल कधी?

कुशाबा : तीन वर्षं. चार वर्षं. आपण असू तर बघू.

दत्ताराम : म्हणजे आता तू त्या बाजूला, मी ह्या बाजूला.

कुशाबा : तसं नाय रे. मॅडमनी तुमचाच निकाल जोडलाय माझ्या अर्जाला. वर लिहिलंय, हा निकाल बरोबर आहे, असाच ह्यांना पण द्या. तो बरोबर ठरला तर मी पण घरी बसेन. चुकीचा ठरला तर दोघं गेटवर.

सुभद्रा : आणि वरच्या जज्जांचं पण आपसात पटलं नाय तर?

कुशाबा : साखर जरा कमी टाक त्याला.

दत्ताराम : अख्खा निकाल जोडलाय? नावांसकट?

कुशाबा : नावांसकट. मॅडम म्हणाल्या, सही करायच्या आधी सगळं वाचून घ्या. शेवटच्या पानावर यादी होती तुमची.

दत्ताराम : वाचलीस?

कुशाबा : वाचली. दत्ताराम लवू तोरसकर. मग चष्मा काढून ठेवला आणि सही केली.